सुईतात्या आणि कचेरीपुढचे झाड

अर्जदार: अस्मादिक, बीड कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस. ज्यांच्याविषयी: सुईतात्या, आता हयात नाहीत. साक्षीदार: कचेरीचा चपराशी, व एक बुंधा. तारीख: कचेरीपुढची सावली गेली, तीच.

सुईतात्यांच्या पटक्यात चीड वृक्षाच्या सुयांची, म्हणजे सुईसारख्या पानांची, वाळकी जुडी खोचलेली असे. तरुणपणी ते उत्तरेकडील पहाडात एका लाकूड-ठेकेदाराच्या चाकरीस होते. तेवढ्या भांडवलावर त्यांनी आमच्या बाभळींच्या मुलखात जन्मभर वृक्षपंडिताचा मान घेतला. कोणीही भेटो, जुडी त्याच्या नाकापुढे येई. "एका बुडातून तीन सुया, तर चीड. पाच, तर कैल, चीडचाच भाऊबंद. झाडाचा रुबाब पाहू नका, सुया मोजा." पालीहून सारा भरण्यास आलेल्या शेतकऱ्यास या विद्येचा काय उपयोग, याचा विचार त्यांनी कधी केला नाही.

कचेरीपुढे एक उंच, सुईदार झाड होते. ते पहाडातून आणलेले चीड आहे, असे पूर्वीचे तालुकदारसाहेब सांगून गेल्यामुळे त्यास कोणी हात लावीत नसे. त्याखाली माझी बैठक. बुंध्यास टेकून तात्या. उन्हाळ्यात ते स्वतः त्यास घागरीने पाणी घालीत. त्याचे नाव मात्र ते कधी उच्चारीत नसत. तो मी त्यांचा विनय समजत होतो.

नव्या साहेबांना तेथे तबेला बांधणे होते. चीड असल्यास राखावे, नसल्यास तोडावे, असा हुकूम झाला व ओळख पटविण्यास तात्यांना बोलावणे आले. तेव्हा कोठे त्यांनी मला खरे सांगितले. मी विनविले, की आजवर गप्प राहिलात, तसे एकदा चीड म्हणा. आपली दोघांची जागा वाचेल.

"आजवर कुणी इचारलं न्हवतं," तात्या म्हणाले. "आता सरकार इचारतंय. सुईवर खोटं बोललो, तर ही जुडी जन्मभर कामून मिरवली रे?"

साहेबांपुढे त्यांनी एक हिरवी सुई ओढली. ती मधल्या पेरावर सुटली. "चीडची सुई अशी पेरावर सुटत न्हाई, सरकार. हे सुरूचं झाड हाय."

साहेब खूश झाले. त्यांनी तात्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि कुऱ्हाडी मागविल्या. झाड पडल्यावर तात्यांनी ती शाल बुंध्यावर पांघरली व गेवराईस लेकीकडे निघून गेले. तेथेच वारले. शाल चपराशाने उचलली. म्हणून तो साक्षीदार.

हल्ली मी तबेल्याच्या भिंतीशी उन्हात बसतो. माझ्या लेखणीतून पुष्कळ खोट्या हकीकती गेल्या. त्यांपैकी एकीनेही कोठे झाड पडल्याचे ऐकिवात नाही. सबब विनंती, की खरे बोलण्याने झालेल्या नुकसानीची दाद कोणत्या कचेरीत मागावी, एवढे लेखी कळविण्याची मेहेरबानी व्हावी.