दोन बाजूंचा फ्रॉक

सिद्धाप्पाच्या घरात विकत आणलेली वस्तू शोधायची म्हटली असती, तर पोलीसच लावावे लागले असते. मीठ, रॉकेल आणि काडेपेटी, एवढ्या तीन गोष्टींपुढे त्यानं हात टेकले होते. शेजारच्या गोजाबाई तर म्हणायच्या, "सोलापुरास समुद्र न्हाय म्हणून बरं. न्हायतर ह्यो बाबा मीठबी घरीच करील."

साखर पेठेतल्या चाळीत मधली खोली त्याची. तो चादरीच्या कारखान्यात मागावर होता आणि त्याची बायको गिरिजाबाई घरी बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर चरख्यानं सूत गुंडाळायची. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्यांना एक मुलगी झाली. नाव बसव्वा, पण एवढ्याशा जिवाला एवढं मोठं नाव कोण घेतंय? सगळी चाळ तिला बसू म्हणायची. मी सांगतोय ती गोष्ट पंच्याहत्तर सालच्या जानेवारीतली. तेव्हा बसू साडेतीन वर्षांची होती.

या बसूच्या अंगाला बाजारातला साबण कधी लागला नाही. हरभऱ्याचं पीठ आणि साय, आणि केसांना रिठा. काजळ घरचं, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्या उपडा घालून धरलेलं. खाऊ म्हणजे ज्वारीच्या लाह्यांचं पीठ नि गूळ. ती चालायच्या वयाची झाली तेव्हा सिद्धाप्पानं कारखान्यातल्या मोडक्या रिळांची चाकं लावून पांगुळगाडा केला. त्याला तेल घालायचं तेवढं राहून गेलं. पोरगी एक पाऊल टाकायची नि गाडा असा कोकलायचा की पेठेतली कुत्री उठून बसायची. "पोर चालाय लागली, आमचं कान मेलं," असं गोजाबाई म्हणायच्या. पण त्या गाड्यासाठी चाळीतल्या चार बाया नंबर लावून होत्या, आणि त्यात गोजाबाईंची सून पहिली होती, हेही सांगितलं पाहिजे.

कपड्यांचंही तसंच. लंगोट जुन्या धोतराचे, टोपरं गिरिजाबाईच्या लुगड्याचं, झबली उरल्यासुरल्या चिंध्यांची. तोपर्यंत गिरिजाबाईनं तोंडातून ब्र काढला नव्हता. उलट तिला त्यात गंमतच वाटायची. पण त्या वर्षी सिद्धेश्वराच्या गड्ड्याची जत्रा तोंडावर आली, म्हणजे देवाच्या लग्नाच्या अक्षता टाकायला सगळं सोलापूर नटून जातं ती, आणि बाईचं मन फिरलं.

"अवं, यंदा अक्षतेच्या दिवशी बसूला दुकानातला फ्रॉक घ्यायचा," ती म्हणाली.

"का? मी मेलो काय?"

"त्यात मरायचं काय आलं? सगळ्यांच्या पोरी नायलॉनच्या झालरी लावून येत्यात. आपली पोरगी त्यांच्यात बोचक्यावानी दिसती. माझा रुद्रप्पा आणतो म्हणालाय, गुलबर्ग्याहून."

रुद्रप्पा तिचा भाऊ. दुधनीला त्याचं अडतीचं दुकान. हाताचा सढळ आणि जिभेचाही.

सिद्धाप्पानं उचललेला भाकरीचा घास परत ताटात ठेवला. मग एकदम म्हणाला, "मी शिवतो फ्रॉक. पोरगी काय म्हणती ते बघू. तिला माझा आवडला तर अक्षतेला माझा. न्हाय आवडला तर मामाचा. मग मी हूं की चूं करणार न्हाय."

"फ्रॉक शिवणार? तुमी?"

"बटण कोण लावतं माझं?"

"बटण लावायला नि फ्रॉक शिवायला लई फरक हाय," गिरिजाबाई म्हणाली. पण नवऱ्याचा चेहरा बघून तिनं पुढं ताणलं नाही. एवढंसं फ्रॉकाचं प्रकरण आणि माणूस असा काळवंडतो कशानं, हे तिला त्या दिवशी कळलं नाही. चाळीत ते फक्त गोजाबाईंना ठाऊक होतं. त्यांच्या पोटात गोष्ट राहण्याची एवढी एकच घटना. तिला पस्तीस वर्षं झाली होती.

सिद्धाप्पाचा बाप लवकर गेला. आई एका सुताच्या व्यापाऱ्याकडं भांडी घासायची. सिद्धाप्पा सहा वर्षांचा असताना व्यापाऱ्याच्या बायकोनं आपल्या मुलाचा आखूड झालेला रेशमी सदरा त्याला दिला. तो घालून हा स्वारी निघाल्यासारखा गड्ड्यावर गेला. तिथं पाळण्याच्या रांगेत नेमका तो मुलगा समोर आला नि सगळ्यांदेखत ओरडला, "ए, ह्यो माझा सदरा!" पोरं हसली. सिद्धाप्पानं सदरा तिथल्या तिथं काढून त्याच्या हातात दिला आणि थंडीत उघड्या अंगानं घरी आला. दारात बसलेल्या गोजाबाईंनी विचारलं तेव्हा तेवढं सांगितलं, नि पुन्हा कुणाजवळ बोलला नाही. म्हणून लेकीच्या अंगावर दुसऱ्यानं दिलेली चिंधी नको. आणि जत्रेच्या दिवशी तर नकोच नको.

आता कापडाचं काय? त्याच्या मागावर महिन्यापूर्वी नक्षी फसली होती. मागावरचं नक्षीचं कार्ड तुटलं आणि दोन हात कापडावर मोराला मान आली, डोकं आलंच नाही. तो तुकडा बाजूला पडला होता. मालक म्हणाला, "घेऊन जा." सिद्धाप्पाच्या हिशेबानं ते काही दुसऱ्याचं देणं नव्हतं. त्यानंच विणलेलं कापड ते.

आणि सोलापुरी चादरीची खुबी तुम्हाला ठाऊकच आहे. तिला उलटी बाजू नसते. एका अंगाला लाल जमिनीवर हिरवी नक्षी, तर दुसऱ्या अंगाला हिरव्या जमिनीवर लाल. सिद्धाप्पाच्या डोक्यात चक्र फिरलं. फ्रॉक असा शिवायचा की दोन्ही बाजूंनी घालता यावा! त्यासाठी शिवण कुठंच दिसता कामा नये. मग त्यानं प्रत्येक कड दुसऱ्या कडेत दुमडून, दोन्हीकडून टाके लपवत, वाकळ शिवायच्या सुईनं आठ दिवस तो फ्रॉक शिवला. कामावरून आला की दारात बसायचा, उजेड आहे तोवर. येणारे-जाणारे विचारायचे.

"काय सिद्धाप्पा, बैलाची झूल का?"

"व्हय. तुझ्या मापाची."

आठव्या दिवशी बसूच्या डोक्यातून फ्रॉक घातला. खळीनं कापड पत्र्यासारखं ताठ. पोरगी आत उभी नि फ्रॉक तिच्याभोवती घंटेसारखा उभा, दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. गिरिजाबाईनं पदर तोंडात कोंबला. पण सिद्धाप्पानं फ्रॉक काढला, उलटा केला नि पुन्हा घातला. लालाचा हिरवा झाला. बसूचे डोळे हे एवढाले.

"पुन्ना!"

पुन्हा लाल.

"पुन्ना!"

त्या संध्याकाळी तिनं चाळीतल्या एकूण एक दारात जाऊन आपला फ्रॉक दोन्ही रंगांत दाखवला. मध्ये बदलायला सिद्धाप्पा मागं मागं, राजाच्या मागं चवरी ढाळणाऱ्यासारखा. "मामाचा पायजे का अप्पाचा?" असं आईनं विचारलं, तर कार्टी म्हणाली, "मामाचा ब्याड." ब्याड म्हणजे नको. आईच्या माहेरचं कानडी नेमकं माहेरच्याच माणसाविरुद्ध वापरलं तिनं!

गिरिजाबाई हसून म्हणाली, "जिंकलात बाई."

इथंच थांबला असता तर ही गोष्ट सांगायची पाळी आली नसती. पण यश मिळालं की माणसाचा हात राहत नाही. सिद्धाप्पाला वाटलं, फ्रॉक तेवढा मऊ करावा. पोरीच्या काखेत रुततंय.

एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्याच्या हातून हजारो चादरी विणून गेल्या, त्या माणसाच्या घरात नवी चादर कधी आलीच नव्हती. अंथरूण-पांघरूण वाकळांचं. चादर मागावरून उतरेपर्यंत तिचं सगळं त्याला तोंडपाठ. उतरल्यावर तिचं काय होतं, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक, की कारखान्यात सूत आलं की आधी ते सोडा घालून कढईत उकळतात, म्हणजे मऊ होतं. पण ते कोरं सूत! रंग त्याच्यानंतर चढतो. हे त्याला माहीत नव्हतं असं नव्हे. रोज डोळ्यांपुढं घडत होतं. पण लेकीच्या नादात विणकराचं डोकं बाजूला पडलं. गिरिजाबाई दळण आणायला गेली होती. यानं चुलीवर पातेलं चढवलं, मूठभर सोडा टाकला आणि फ्रॉक सोडला.

पाणी आधी गुलाबी झालं. "जरा कच्चा रंग निघतोय," असं म्हणत यानं वरून काठीनं ढवळलं. मग पाणी काळं झालं.

गिरिजाबाई आली तेव्हा तो पातेल्यापुढं उकिडवा बसला होता आणि हातात वांगी रंगाचं एक काहीतरी लोंबत होतं. लाल गेला, हिरवा गेला, दोन्ही बाजू एकसारख्या झाल्या होत्या. आणि आकसून ते एवढंसं झालं होतं, की बसूच्या डोक्यातूनही उतरेना. पोरगी अर्ध्यात अडकून आतून रडायला लागली. कसंबसं सोडवल्यावर तिनं ते उलटं केलं, सुलटं केलं.

"अप्पा, हिरवा कुटं गेला?"

चाळ हसली. गोजाबाई तर भिंतीला टेकल्या. गिरिजाबाई मात्र हसली नाही. सिद्धाप्पाला सगळ्यात लागलं ते हे. ती हसली असती तर त्याला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर गोजाबाई कांड्या भरायला येऊन बसल्या. "मी आपली हसले," त्या म्हणाल्या, "पण रातभर डोळ्याला डोळा न्हाय बघ. ऐक." आणि पस्तीस वर्षं पोटात सांभाळलेली सदऱ्याची गोष्ट त्यांनी गिरिजाबाईपुढं टाकली. गिरिजाबाईचा चरखा थांबला.

"मला कधी बोलले न्हाईत," ती म्हणाली.

"कसा बोलंल? पुरुषाची जात. आयनं भांडी घासल्याली सांगतील, पण आपुन रडल्यालं न्हाय."

त्याच दुपारी रुद्रप्पा दुधनीहून आला. पिशवीतून नायलॉनचा फ्रॉक निघाला, फिकट आकाशी, तीन पदरी झालर, कमरेला फुलांची पट्टी. बसूनं तो घातला आणि गोल फिरली. झालर छत्रीसारखी उघडली. आता तिला 'ब्याड' आठवेना.

संध्याकाळी सिद्धाप्पा दारात आला नि थबकला.

"दाजी, कसा हाय?" रुद्रप्पानं विचारलं. "तुमच्यावानी दोन रंग न्हाईत बरं का ह्याला. एकच हाय, पण टिकतोय!"

म्हणजे बातमी दुधनीच्या माणसाला उंबऱ्यातच पोचली होती. कुणी पोचवली ते मी सांगणार नाही. चाळीत जिभा पुष्कळ होत्या.

"लई चांगला हाय," सिद्धाप्पा म्हणाला. शब्द दिला होता, तो त्यानं पाळला. एवढंच म्हणून तो मोरीवर पाय धुवायला गेला आणि बराच वेळ पाय धूत राहिला. इकडं बसू पाठ खाजवायला लागली. "अव्वा, चावतंय." "काढ, मी बघते," असं म्हणून गिरिजाबाईनं फ्रॉक उतरवला नि ट्रंकेवर ठेवला.

अक्षतेचा दिवस उजाडला. सिद्धाप्पानं बाराबंदी चढवली. ती मात्र बघण्यासारखी होती. त्याच्या आजाच्या वेळची, गिरिजाबाईनं दरवर्षी रफू केलेली. पण चेहरा असा, की हा लग्नाला चाललाय की दुसरीकडं कुठं, असा प्रश्न पडावा. बसूला तिच्या आईनंच आत नेऊन नटवलं. रुद्रप्पा पुढं, मागं मायलेकी, आणि सगळ्यांच्या मागं सिद्धाप्पा. वाटेत ओळखीचे भेटत होते.

"अरे वा! फ्रॉक कुटला?"

पहिल्यांदा त्यानं बाराबंदीचा एक बंद उगाच सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाला, "मामानं आणलाय." दुसऱ्यानं विचारलं तेव्हा जरा सोपं गेलं. तिसऱ्याला तर त्यानं विचारायच्या आतच सांगितलं. बसू नाचत होती, लोक बघत होते. आपल्या पोरीकडं बोट दाखवून कुणी हसत नाही, हेही त्याच्या लक्षात आलं. पण आत कुठंतरी रिकामं होतं ते होतंच. आजच्या दिवशी तिच्या अंगावर आपल्या हातचा एक धागा नाही.

अक्षता पडतात त्या संमती कट्ट्याजवळ पाय ठेवायला जागा नव्हती. सिद्धेश्वराच्या काठ्या येत होत्या, उंचच उंच, बाशिंगं बांधलेल्या, आणि गर्दी पुढं सरकत होती. "अप्पा, मला दिसंना," बसू म्हणाली. त्यानं तिला काखेत धरून उचललं नि खांद्यावर घ्यायला वर केलं. झालर वाऱ्यानं उलटली आणि त्याच्या तोंडावर आली.

नायलॉन लागलं नाही त्याच्या गालाला. मऊ सूत लागलं.

त्यानं एका हातानं झालर धरून बघितली. आतून अख्ख्या फ्रॉकला अस्तर लावलेलं. गळ्यापासून घेरापर्यंत, बगलेतसुद्धा. टाके बारीक, कडेत कड दुमडून घातलेले, कुठंच न दिसणारे. आठ दिवस दारात बसून तो घालत होता ती शिवण, एका बाईनं बघून ठेवली होती. आणि घेराच्या तळाशी निळी बारीक किनार. ती किनार तो रोज नेसत होता.

त्यानं बायकोकडं पाहिलं. ती समोर काठ्यांकडं बघत होती, मुठीत अक्षता घट्ट धरून.

"गिरिजा."

"काय?"

"हे माझं धोतर न्हाय का?"

"व्हय. नायलॉन चावत होतं पोरीला. आणि धोतर फाटलं होतं."

"कुटं फाटलं होतं? परवाच नेसलो होतो की."

"मग आता फाटलंय," ती म्हणाली, आणि सगळ्यांबरोबर तिनंही अक्षता उधळल्या.

सिद्धाप्पानं काय केलं कोण जाणे, पण त्याचे खांदे हलायला लागले. वरून बसूनं त्याच्या डोक्यावर चापट मारली.

"अप्पा, हलू नको की! काठी दिसंना!"