जानेवारीची हवा आणि बाबांचा हात

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. गेल्या जानेवारीत माझ्या सासऱ्यांचा नेम चुकायला लागला, तेव्हा दोष त्यांच्या हाताचा नाही हे मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. मी गप्प बसलो.

बाबा हवाई दलातून निवृत्त झाले आणि इथेच मोहालीत, आमच्याकडे राहिले. दर रविवारी आम्ही इंडस्ट्रियल एरियात त्यांच्या सरदार मित्राच्या कारखान्यामागे जातो. तिथे मातीच्या पोत्यांवर कागद टाचून बाबा एअरगन चालवतात. गाडीही तेच चालवतात, आणि त्यावरून घरात कटकट. "धुक्यात तरी नको हो बाबा," बायको म्हणते. बाबा ऐकत नाहीत. मध्ये मी.

उन्हाळ्यात मीच त्यांना हलक्या, वेगवान छऱ्यांची डबी आणून दिली होती. मे महिन्यात भोकाला भोक लागायचं. जानेवारीत तेच छर्रे कागदभर विखुरले.

"यार, अब तू पतंग ही उड़ा," सरदारजी म्हणाले.

बाबा हसले नाहीत. हात समोर धरून बघत राहिले. "गेला हो हा, जावईबापू. थरथरतोय का बघा."

थरथरत नव्हता. त्यांच्या कानात बोळे होते, माझ्या नव्हते. उन्हाळ्यात नुसतं फट् व्हायचं. आता प्रत्येक वेळी चाबूक ओढल्यासारखा आवाज येत होता. हवा गार झाली की आवाजाचा वेग कमी होतो. मे महिन्यात आवाजाच्या जरा मागे राहणारा छर्रा थंडीत त्याच्या पुढे जात होता, आणि वाटेत वेग उतरून पुन्हा मागे पडताना हेलकावे खात होता. मी औषधांवर संशोधन करतो, पण एवढं भौतिकशास्त्र येतं. सांगणार, तेवढ्यात बाबांनी गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"आता तुम्हीच चालवा."

मी किल्ली घेतली. घरातली कटकट थांबली. बाबा मात्र चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले, दाढीला न्हाव्याकडे जाऊ लागले. ते बघवेना. शेवटी एका रविवारी निघताना कपाटातली त्यांची जुनी, जड शिशाच्या छऱ्यांची डबी बरोबर घेतली. "थंडीत हे चालतात का बघू या," एवढंच म्हणालो.

फट्. पुन्हा फट्. भोकं एकमेकांना चिकटून. बाबांनी बोळे काढले, कागद उन्हाकडे धरला.

"म्हणजे हात शाबूत आहे की!"

"हे हळू जातात, बाबा. थंडीतसुद्धा आवाजाच्या मागेच राहतात."

"मग हे आधी नाही का सुचलं तुम्हाला?"

"साइंटिस्ट है जी, देर से स्टार्ट होता है!" सरदारजींनी माझ्या पाठीत धपका घातला. तिघेही हसलो. कित्येक दिवसांनी मला छातीभर श्वास घेता आला.

बाबांनी किल्लीसाठी हात पुढे केला. ऊन स्वच्छ पडलं होतं. ते चालवत होते आणि मी शेजारी बसून तीळगुळाची गजक खात होतो. घरी बायको काय म्हणेल याचीही त्या दिवशी फिकीर वाटली नाही.

आधी सुचलं होतं, हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते मला सांगायचं आहे.