चतकोर

बीदरहून खटकचिंचोळीला जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या म्हातारीनं दवाखान्याचा कागद माझ्यापुढं धरला. "अण्णा, डॉक्टर टक्के टक्के म्हणला. मला काय उमगलं न्हाई."

हृदयाचं काम पंचवीस टक्केच चालू आहे, असा त्याचा अर्थ होता. मी गणिताचा मास्तर. कागद कुणाचा हे न विचारताच शिकवायला लागलो : शंभरातले पंचवीस, म्हणजे शून्य पूर्णांक पंचवीस शतांश.

मग तिनं फडक्यातली ज्वारीची भाकरी काढली, मोडून चार चतकोर केले आणि एक वर धरला. "येवढं?"

"बरोबर," मी वर्गातल्यासारखी शाबासकी दिली. "पण कागद कुणाचा?"

"माझाच की."

मी घाईनं कागदाची घडी घालून तो तिला परत दिला. इतकी वर्षं फळ्यावर हेच गणित सोडवत आलो, पण बरोबर उत्तराची अशी भीती कधी वाटली नव्हती.

ती मात्र तो चतकोर सावकाश चावत होती. "कामून घाबरायलाव, अण्णा? चतकोरावर लय दिस काढल्यात मी."

उरलेले तीन चतकोर तिनं माझ्या हातावर ठेवले. तिचं गाव आलं, ती उतरून गेली, तरी ते तसेच हातात होते.