छातीतलं पाणी

२ मे. सकाळी ताक घुसळायला बसले आणि त्या आंबूस वासानं सोलापूरच्या दवाखान्यातली एक दुपार आठवली. नवऱ्याच्या मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालून सलाइन चालू होतं. येडशीहून नेलेलं ताक मी त्यांना पाजलं होतं. अचानक त्यांना धाप लागली, एक्स-रेत फुप्फुसाभोवती पाणी दिसलं. तिथंच नर्स असलेली नणंद सासूबाईंना म्हणाली, "वहिनीनं ताक पाजलं, त्याचंच पाणी झालं." सासूबाईंनी मला खोलीबाहेर काढलं, "माझ्या लेकाला हात लावू नको." फिनाइलचा वास मारणाऱ्या व्हरांड्यात मी बसून राहिले, मलाही ते खरंच वाटलं. संध्याकाळी सुईनं पाणी काढल्यावर डॉक्टर सहज बोलले, "नळीचं टोक शिरेबाहेर गेलं होतं, सलाइनच छातीत साचलं. तुमच्या नणंदेला दुपारीच सांगितलं की." मी तिला जिन्यात गाठलं. "वहिनी, दादाला इथं मीच आणलं. आईला काय तोंड दाखवू?" "म्हणून मला पुढं केलंस व्हय?" आता हे ठणठणीत आहेत. ती दिवाळीला येते, मी वाढते, पण तिच्या शब्दावर विसंबत नाही. तेव्हा दवाखान्यात मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी मी सासूबाईंना हाताला धरून डॉक्टरांपुढं नेलं, नणंदेलाही बोलावलं आणि म्हटलं, "काल मला सांगितलं ते आता ह्यांना सांगा."