सिस्टरांनी करून घेतलेली तयारी

सिस्टर कोणाचंही अभिनंदन करत नसत. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत उन्हाळ्याचे दहा आठवडे इंटर्नशिप मिळाली, म्हणून मी आणि आई पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पेढा बशीत ठेवला आणि मला विचारलं, "तिथे खोलीत बेशुद्ध पडलीस, तर दार कोण उघडणार?" आईचा चेहरा उतरला. परत जिना चढताना ती म्हणाली, आजच्या दिवशी तरी हे बोलायला नको होतं.

मला बाराव्या वर्षापासून मधुमेह आहे. दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचावं लागतं. भांडुपच्या आमच्या इमारतीत हे घराबाहेर फक्त सिस्टरांना ठाऊक होतं, कारण सुई टोचायला त्यांनीच शिकवलं होतं. त्या मूळच्या मालवणकडच्या. मस्कतच्या एका इस्पितळात एकोणीस वर्षं नर्स होत्या आणि नोकरी संपल्यावर आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहत. पवईच्या कॉलेजात माझ्या मैत्रिणींनाही काही माहीत नव्हतं. मी बाथरूमची कडी लावून सुई घ्यायचे.

बाबांचं मत होतं की यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. त्यावर सिस्टरांनी एवढंच विचारलं, पुढच्या वर्षी तिचा आजार जाणार आहे का? मग बाबांनी होकार दिला, आणि माझी तयारी सुरू झाली.

रोज संध्याकाळी पाच वाजता मला खाली हजर राहावं लागे. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकायचं नाही, विमानाच्या पोटात ते गोठतं. जवळच्या दोन बॅगांत अर्धं अर्धं ठेवायचं. डॉक्टरांचं पत्र हवं, त्यात औषधाचं मूळ नाव हवं, कारण कंपनीचं नाव तिथे कोणी ओळखणार नाही. फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवायचं नाही. हे सगळं मी मुकाट्याने शिकले. अडले ते एका मेलपाशी. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आणि घरमालकिणीला आजार आधीच कळवायचा, असं सिस्टरांचं म्हणणं होतं. मी आठ दिवस टाळलं. नवव्या दिवशी त्यांनी मला लॅपटॉप घेऊन बोलावलं आणि मेल जाईपर्यंत शेजारून हलल्या नाहीत. मला रडू आलं. "रडतंस कित्याक गो?" त्या म्हणाल्या, "आता पाठव."

एका शनिवारी त्यांनी मला साकीनाक्याला नेलं. माझा फोन काढून घेतला आणि एका औषधाच्या दुकानाचं नाव सांगितलं. तिथे पोचायचं, बस्स. त्या रिक्षाने पुढे गेल्या. वर्कशॉपच्या गाळ्यांमधून मी तासभर फिरले. लेथच्या आवाजात, तेलकट गल्ल्यांत, तीच पाटी तीनदा ओलांडली. अखेर दुकान सापडलं. सिस्टर बाहेर स्टुलावर बसल्या होत्या. किती लोकांना विचारलंस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोणालाच नाही, माझं मीच शोधलं. मला शाबासकी हवी होती.

"तुला विचारायची लाज वाटते," त्या म्हणाल्या. "या लाजेनेच मरशील तू."

मी दोन दिवस त्यांच्याकडे फिरकले नाही.

त्या असं का बोलतात, ते निघायच्या आदल्या संध्याकाळी कळलं. बॅग तपासून झाल्यावर त्या पलंगावर बसल्या आणि मी न विचारताच बोलू लागल्या. मस्कतला त्यांच्या खोलीत लिसी नावाची केरळची नर्स राहायची, चोवीस वर्षांची. तिलाही मधुमेह होता. नोकरी जाईल म्हणून तिने इस्पितळात लपवला होता. माहीत होतं ते फक्त सिस्टरांना. एका दुपारी सिस्टर ड्यूटीवरून आल्या, तर दाराला आतून कडी. दोनदा वाजवलं. लिसीची रात्रपाळी झालेली, झोपली असेल, कशाला उठवा, म्हणून त्या शेजारच्या खोलीत जाऊन पडल्या. संध्याकाळी दार फोडावं लागलं.

"मी नर्स होते," सिस्टर म्हणाल्या. "दार वाजवून परत फिरले."

त्यांनी बॅगेची चेन ओढली आणि मला जेवायला घरी पाठवलं.

जर्मनीत चौथ्या आठवड्यात ट्रामच्या थांब्यावर माझी शुगर उतरली. हात थरथरायला लागले, समोरचं दिसेना. जवळच्या ग्लुकोजच्या गोळ्या संपल्या होत्या, आणि सिस्टरांनी माझ्याकडून शंभरदा म्हणून घेतलेलं, मदत मागायचं जर्मन वाक्य डोक्यातून पार गेलं होतं. मी शेजारच्या बाईचा हात धरला आणि मराठीतच म्हणाले, "साखर द्या हो." तिला काय समजलं कोण जाणे. तिने पिशवीतून मुलाचा ज्यूस काढून माझ्या तोंडाला लावला. खोलीवर पोचल्यावर मी सिस्टरांना फोन केला. शुगर किती उतरली होती, ते त्यांनी आधी विचारलं. अठ्ठेचाळीस, मी म्हटलं. मग म्हणाल्या, "मागितलंस ते बरं केलंस."

त्यांचा आवाज मी शेवटचा ऐकला तो तेव्हाच. पुढच्याच आठवड्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. मी परत आले तेव्हा त्यांच्या भाच्याने त्यांना मुलुंडच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं होतं. तिथल्या आयाने तक्रार केली, की या बाई काही मागतच नाहीत. उशाशी घंटा आहे, डावा हात चालतो, पण वाजवत नाहीत. ओल्यात पडून राहतील, तहानेने ओठ सुकतील, पण कोणाला बोलावणार नाहीत. ते ऐकताना मला आठवू लागलं, की इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे कधी वाटीभर साखरही मागितली नव्हती. तापात असल्या तरी स्वतःच खाली जाऊन दूध आणत. आम्ही त्याला त्यांचा स्वभाव म्हणत आलो होतो.

मी दर शनिवारी जायचे आणि एकेक करून विचारायचे. पाणी? पंखा? कूस बदलायची? त्या माझ्याकडे पाहत राहायच्या, चेहऱ्यावर काही नसायचं. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी असंच विचारत होते. उशी नीट करू का, म्हटलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हाताने माझं बोट किंचित दाबलं. मी उशी सारखी करून दिली. मान सुटी झाल्यावर त्यांनी सावकाश श्वास सोडला.

मंगळवारी सकाळी त्या गेल्या. आया सांगत होती, घंटा वाजली नव्हती.