सगळ्यांत मागे मामा

फोन वाजला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मैत्रीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, रक्ताचा रिपोर्ट येणार होता, आणि रिपोर्टच्या दिवसांत मी फोन उचलत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. हात कणकेचे आहेत असं सांगते. खरं म्हणजे भिते. माझ्या नवऱ्यानं, संजयनं, फोन घेतला, ऐकलं, आणि माझ्याकडे बघून आधी म्हणाला, "लॅबचा नाही." मग खुर्चीवर बसला. "गौतममामा गेले. सकाळी चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत..." तव्यावरची पोळी जळून घरभर वास सुटला, तरी उठून गॅस बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. नांदेडकडचा. रेल्वेची नोकरी लागली म्हणून सिकंदराबादला आला, तारनाक्याला घर केलं, आणि निवृत्त होईपर्यंत गाडीचा गार्ड म्हणून शेवटच्या डब्यात उभा राहिला. बोली निम्मी नांदेडची, निम्मी इथली दखनी. गावी गेला की तिथले हसायचे, इथे आला की आम्ही. आणि सवय अशी वाईट, की लग्नाहून निघताना सगळे रिक्षात बसले तरी हा परत हॉलमध्ये जाऊन खुर्च्यांखाली बघणार... कुणाची चप्पल, कुणाचं पोर राहिलं का. मामी बाहेरून ओरडायची, "अहो, आता सतरंज्या पण मोजणार का?" त्याच्यावर काही परिणाम व्हायचा नाही. सगळी आल्याची खात्री झाली की मगच चढायचा.

मैत्री पाच वर्षांची असताना तिच्या अंगावर निळे डाग दिसायला लागले. मी म्हटलं, शाळेत पडली असेल. मग ताप आला, तो उतरेना, आणि तपासण्या करता करता आम्ही मुलांच्या दवाखान्यात येऊन पोचलो. रक्ताचा आजार. त्या फाटकाच्या आत काय काय पाहिलं ते मी लिहिणार नाही, मला लिहवत नाही. मैत्री बरी झाली. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. मी मात्र बरी झाले नाही. तिला शिंक आली तरी मी थर्मामीटर शोधते. वर्षातून एकदा रक्त तपासायचं असतं, ते संजयच घेऊन जातो. बस दवाखान्याच्या रस्त्यानं जात असेल तर मी दोन स्टॉप आधी उतरते आणि नल्लकुंट्याच्या गल्ल्यांतून तंगडतोड करत घरी येते. लोकांना सांगते, चालणं चांगलं असतं.

त्याच दवाखान्यासाठी दरवर्षी एक दौड होते. ज्यांना उपचारांचा खर्च झेपत नाही त्यांच्या मुलांसाठी. विद्यापीठाच्या रस्त्यावर सुरू होते आणि दवाखान्याच्या फाटकासमोरून पुढे जाऊन संपते. मैत्री बरी झाल्यावर मामानं नाव घातलं, आणि पहिल्याच वर्षी घोळ केला. संयोजकांनी म्हातारा उत्साही दिसतोय म्हणून त्याला सुरुवातीच्या दोरीपाशी उभं केलं. पाहुण्यांचं भाषण चालू होतं. मामानं मागं पाहिलं, पुढं पाहिलं, रस्ता मोकळा दिसला. खिशातून शिट्टी काढून वाजवली आणि हिरवा रुमाल हलवला! अख्खी गर्दी पळत सुटली, पाहुणे माईक हातात धरून एकटेच उभे. विचारलं तर म्हणतो, "टाइम झाल्ता." पुढच्या वर्षी संयोजक हात जोडून म्हणाले, काका, तुम्ही आपले सगळ्यांत मागे राहा. मामा म्हणाला, "मी मागंच असतो." तेव्हापासून दौडीतला शेवटचा माणूस तो. जो रेंगाळेल, दमेल, बसेल, त्याच्या मागं मामा.

मग एका वर्षी, तूही ये म्हणून माझ्या मागं लागला. म्हटलं, नक्को मामा, मला त्या फाटकासमोरून जायला जमणार नाही. "पळ कोण म्हणूलालंय? चालायचं. मी मागं आहे ना." गेले. गर्दी होती तोवर ठीक होतं. मग माणसं पांगली, पुढं गेली, आणि समोर ते फाटक आलं. तोच रंग, तोच बाहेर भजीचा गाडा, आत जाणारी ती अॅम्ब्युलन्स. मी फुटपाथच्या कडेला बसकण मारली. मागे अडवलेल्या बस हॉर्न देत होत्या. वाहतुकीचा पोलीस आला. "चलो अम्मा, रोड खोलना है."

"ठैरो भाई," मागून मामाचा आवाज आला, "आखरी डब्बा बाकी है." आणि गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत, माझ्या शेजारी येऊन बसला.

मला वाटलं, आता सांगेल, काही होत नाही, घाबरू नको. सगळे तेच सांगतात आणि मला सगळ्यांचा राग येतो. तो म्हणाला, "भीती वाटते का गं माय?"

"खूप."

"मलाबी वाटायची. गाडी मधीच रानात थांबली, की गार्डला उतरून मागं चालत जावं लागायचं. मागून दुसरी गाडी येऊन धडकू नये म्हणून लांबवर रुळावर खूण ठेवून यायचं. एकट्यानं. डब्यातली माणसं बिनघोर जेवत बसलेली, त्यांना काय माहीत?"

"मग काय करायचास?"

"काय करणार... भीत भीत जायचो."

एवढंच. मग उठला आणि हात पुढे केला. मी त्या फाटकाकडे न बघता, त्याच्या बुटांचा आवाज मागं ऐकत, पलीकडे गेले. त्यानंतर दरवर्षी तसंच.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दोन दिवसांनी लॅबचा फोन आला, तो संजयनं घेतला. सगळं ठीक होतं. असं ठीक आलं की पहिला फोन मामाला, हा इतक्या वर्षांचा रिवाज. सवयीनं लावलासुद्धा. पलीकडे मामीनं उचलला. दोघींच्या एकदमच ध्यानात आलं, आणि मग कितीतरी वेळ आम्ही नुसत्या रडत होतो. नंतर तारनाक्याला गेले तेव्हा तिनं शिट्टी माझ्या हातात दिली. काळ्या दोरीतली, तोंडाशी झिजलेली, सुपारीचा वास असलेली. "घरात ठेवून मी काय करू? तू घे."

दौड तोंडावर आली होती. संयोजकांचा फोन आला, यंदा मागे कोण राहील? माझ्या तोंडून हो निघून गेलं आणि मग आठवडाभर मी स्वतःला शिव्या घातल्या.

संजय आणि मैत्री पुढे गेले. मी सगळ्यांत मागे. एक आजोबा, एक गरोदर बाई, रुसून बसलेलं एक पोर, सगळ्यांना पुढे घालत फाटकापाशी आले आणि पाय थांबले. थांबणारच होते. सवयीनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. नुसता रिकामा रस्ता, आणि त्याच्या टोकाला अडवलेल्या बस. शेवटच्या माणसाच्या मागं कुणी नसतं, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खूप घाबरले.

पोलीस तोच होता. "चलो अम्मा, रोड खोलना है."

"ठैरो भाई. आखरी डब्बा बाकी है."

त्यानं रस्त्याकडे बघितलं. "कौन बाकी है?"

"मैंच."

त्याची नजर माझ्या गळ्यातल्या शिट्टीवर गेली. "वो चाचा नै आए?"

"नै रहे."

तो बसकडे वळला आणि हात वर करून उभा राहिला. मी निघाले. फाटकाकडे बघितलं या वेळी. आत पायरीवर एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती, पोराच्या हाताला पट्टी. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. पलीकडे पोचल्यावर एकदा मागं पाहिलं, कुणी राहिलं नव्हतं. मग शिट्टी वाजवली. आवाज फाटका निघाला.

शिट्टी आता आमच्या दारामागच्या खिळ्याला आहे, फोन ठेवतो त्या फळीच्या वर. कुठूनही निघताना मी परत आत जाऊन खुर्च्यांखाली बघते, आणि संजय रिक्षात बसून ओरडत राहतो. मैत्रीचं रक्त पुढच्या वर्षी पुन्हा तपासायचं आहे. फोन वाजेल तेव्हा मी उचलणार आहे... भीत भीत.