गयामायची उलटी बोली

गयामाय सोयाबीन खुरपताना बोलायला लागली की बाभळीवरचे कावळे चक्कर येऊन खाली पडायचे. दोन तर मी स्वतः उचललेत. लोह्याजवळच्या आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायांची एक चोरटी बोली होती अन् गयामाय तिची मुकादमीण. शब्द उलटे करायचे, मधेमधे बिलोलीकडून आलेल्या सुनांचे तेलुगू शब्द पेरायचे अन् श्वास न घेता सोडून द्यायचं. गावच्या मास्तरानं पावसाळाभर कान लावला. शेवटी बिचारा स्वतःच्या बायकोलाच उलट्या नावानं हाका मारायला लागला.

"रान त्यांचं, हीर त्यांची," गयामाय म्हणायची. "बोलणं तेवढं आपलं." मग कंबर धरून बांधावर बसायची. दुसऱ्याच्या रानात जन्मभर वाकून तिची पाठ विळ्यासारखी झाली होती. "दमले म्हणायला बी दम लागतो, बया."

ही बोली फक्त सुनांना मिळायची, लेकींना न्हाई. लेक सासरी जाऊन ओकंल, ही भीती. मी आईमागं रानात हिंडत लहानपणीच सगळी गिळली होती. पण कळतं असं दाखवलं असतं तर बायांनी जवळ बसू दिलं नसतं. म्हणून तोंडाचा चंबू करून बसायची.

पुढं मला रेणापूरला दिली. नवऱ्याचा मार खाऊन खाऊन थकले अन् माहेरी परतले. पुन्हा खुरपं, पुन्हा त्याच बाया. माझ्यादेखत माझ्याबद्दलच उलटं बोलायच्या. हिला परत धाडायचं न्हाई, असं त्यांनी ठरवलेलं ऐकलं अन् मी तणाकडं बघत डोळे पुसले.

एक दिवस नवरा अन् दीर जीप घेऊन थेट बांधावर. "चल, मुकाट्यानं बस गाडीत." गयामाय कण्हत उठली, मधे उभी राहिली. "या पाव्हणं! लई दिसानं. बसा, पानी घ्या." अन् त्याच दमात, माझ्याकडं न बघता म्हणाली, "ढाओ पो!"

ढाओ म्हणजे ओढा. पो म्हणजे जा.

बायांनी तांबे घेऊन दोघांना गराडा घातला. मी खुरपं टाकलं अन् ओढ्यात उतरले. जावयाला त्यांनी इतकं पाणी पाजलं म्हणतात, की रानमालकाची हीर त्या साली उन्हाळ्याआधीच आटली. मी तोवर नांदेडला, मावशीकडं.

फारकत झाल्यावरच परतले. विचारलं, "माय, मला कळतं हे तुला कसं ठाव?"

"आमच्याआधी तुझे गाल फुगायचे हसायला. सगळ्यांलाच ठाव होतं."

गेल्या हिवाळ्यात ती खाटेला खिळली. उलटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. एकदा हात धरून म्हणाली, "वस्तीतल्या पोरींला शिकव. लगीन व्हायच्या आधी."

"अन् त्यांनी चोरून शिकून ठेवलं असंल तर?"

डोळे मिटूनच म्हणाली, "मग आमच्यासारखं ठाव न्हाई असं सोंग करू नको. लई थकवा येतो."